ओटर्स आजही हरले

"क्रूगरला सहाव्या डावातच काढायला हवं होतं," हुल्डामावशी उशीला टेकत म्हणाली. "दमलेल्या पिचरच्या हातात चेंडू ठेवायचा म्हणजे थकल्या घोड्याला चढावर नांगराला जुंपायचं. या टॅलबटला मॅनेजर केलं कुणी?"

एल्रॉयने सूपचा वाडगा तिच्यापुढे सरकवला. "मावशी, आधी खा. मग ओरड."

"ओरडते कुठे? मत देते. मत द्यायला डॉक्टरने बंदी केलेली नाही."

बाकी बहुतेक गोष्टींना केली होती. वसंतात हृदयाने दगा दिला, तेव्हापासून ती या खोलीबाहेर पडली नव्हती. डोळेही अधू झाले होते. उरला होता तो रेडिओ आणि त्यावरचा गावाचा बेसबॉल संघ, लिंडेन फॉर्क ओटर्स. मैदानावरच्या लाकडी बाकांना पहिला रंग लागला तेव्हापासून ती नवऱ्याशेजारी तिथे बसत आलेली. कोणत्या वर्षी कुणाच्या हातून कोणता झेल सुटला ते तिला तोंडपाठ होतं, आणि सोडणाऱ्याला तिने अजून माफ केलं नव्हतं.

यंदा तर ओटर्स पार तळाला गेले होते.

सामने सांगायचं काम एल्रॉयचं. बाहेरगावच्या सामन्याला रेडिओ केंद्र कधी माणूस पाठवत नसे. तारेने तुटक मजकूर यायचा आणि एल्रॉय स्टुडिओत बसून त्यावर मांस चढवायचा. फळीवर पेन्सिल आपटली की बॅटचा टोला, तबकडी लावली की गर्दीचा गलका. सगळीकडची छोटी केंद्रं असंच करत. गावाला ते ठाऊक होतं, मावशीलाही. त्यात कुणाला लबाडी वाटत नसे.

शेजारची बर्निस आत आली. एका हातात पीचचा केक, काखेत वर्तमानपत्र.

"काल हरलो ना, म्हणून मोठा तुकडा आणलाय," ती म्हणाली. "हरलं की हिला भूक लागते."

"संताप पोटातून वर येतो, बर्निस. त्याला खाली दाबायला काहीतरी लागतं. वाच बघू, तळाला कोण?"

"त्याला पेपर कशाला लागतो? आपणच." बर्निसने पेपर उघडलाच नाही.

"नशीब माझं. पण एक सांगून ठेवते." मावशीने चमचा दोघांवर रोखला. "डॉक्टरलाही सांगितलंय. ओटर्सना एक सामना जिंकू दे, मग मी सुखाने डोळे मिटते. तोवर नाही."

बर्निस हसली. एल्रॉयला हसू आलं नाही. मावशीचा नवरा, गस काका, असाच बोलला होता, पहिला बर्फ पडला की निघतो म्हणून. बर्फ पडला त्याच सकाळी तो गेला. या घरातली माणसं दिला शब्द पाळत. आणि एल्रॉयला आई आठवत नव्हती. तापात उशाशी बसलेली, शाळेत पोचवणारी, कानफटात देणारी, सगळी ही मावशीच.

"आज समोर डावरा पिचर आहे," ती म्हणाली. "हूपरला चौथ्या क्रमांकावर पाठवा. धिप्पाड आहे, आळशी आहे, पण डावऱ्याला तोच बदडेल."

"सांगतो टॅलबटला."

"तू सांगणार आणि तो ऐकणार. माझं ऐकलं असतं तर हा हंगाम असा गेला असता का?"

"नसता गेला, मावशी."

वाटेत ऑगी न्हावी दुकानाच्या दारात उभा होता. "काय रे, आज काय?"

"बघू."

"काल फारच एकतर्फी झालं. जरा चुरस असू दे. गिऱ्हाईकं कान लावून बसतात."

"चुरशीचीच मला भीती वाटते, ऑगीकाका."

"मावशी कशी आहे?"

"भांडतेय."

"मग ठीक आहे," ऑगी म्हणाला आणि वस्तऱ्याला धार लावू लागला.

स्टुडिओत तबकडी लावणारा आधीच येऊन बसला होता. एल्रॉयने घोटभर पाणी घेतलं, पेन्सिल उचलली आणि सुरू केलं. हूपर चौथ्या क्रमांकावर आला. क्रूगर आज भलताच रंगात होता. एल्रॉयचा आवाजही चढत गेला. शेवटच्या, नवव्या डावात ओटर्स एका धावेने मागे, दोघे बाद, तिसरा गेला की खेळ खलास; दोघे बेसवर धावेच्या तयारीत, आणि बॅट घेऊन हूपर. गावातल्या दुकानांतली कामं थांबली असतील, हे त्याला न बघता कळत होतं. खोलीत मावशी उशीवरून उठून बसली असेल, हेही.

त्याने पेन्सिल आपटली. टोला खणखणीत बसला. चेंडू उंच गेला, आणखी उंच, कुंपणाकडे. एल्रॉयने पेन्सिल खाली ठेवली.

"आणि... झेल," तो म्हणाला. "कुंपणाला पाठ लावून घेतलेला झेल. मंडळी, ओटर्स आजही हरले."

मायक्रोफोन बंद झाला आणि फोन वाजला. बर्निस होती.

"टॅलबटच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललाय," ती म्हणाली. "गाल लाल झालेत. आणि केकचा उरलेला तुकडा मागतेय. उद्या काय करायचं ते तुला सकाळी सांगणार आहे."

"येतो म्हणावं," एल्रॉय म्हणाला. फोन ठेवून त्याने कपाळ पुसलं.

जूनमध्येच संघ मोडला होता, तार यायची थांबली होती, खेळाडू आपापल्या गावी गेले होते; एकटा हूपर इथेच धान्याच्या दुकानात कामाला राहिला होता आणि सामन्याच्या वेळी स्टुडिओत तबकडी लावायला यायचा. त्याने गर्दीची तबकडी उचलून पाकिटात घातली.

"एकदा तरी मारू द्यायचं होतंस मला," तो म्हणाला.