उठवलेले पक्षी

पक्षी उडतच नव्हते. शिरगावच्या किनाऱ्यासमोरच्या त्या लहानशा वाळूच्या बेटावर शेकडो सुरय पक्षी उन्हात चोची वासून बसले होते. कमलाकांतने होडी अगदी जवळ, कंबरभर पाण्यात आणून थांबवली होती.

"काका, हेच का ते?" सरावलीहून मुलीला घेऊन आलेल्या शैलेशने मोबाइल खाली केला. "मला वाटलं, आभाळ भरून उडतील. हे तर नुसते बसलेत."

कमलाकांतला ते लागलं. लहानपणापासूनचं हे बेट. कुणी आलं, की त्याने बघून तोंडात बोट घालावं, एवढीच त्याची हौस. त्याने डिझेलचा रिकामा डबा पुढे ओढला.

"अवो, नको," मागे बसलेली त्याची बायको पुष्पलता हळूच म्हणाली. "अंड्यांवर बसलीत ती."

"एकदाच गं. बसतील परत."

त्याने डब्यावर लोखंडी पाना हाणला. अख्खं बेट एकदम उठलं. पांढऱ्या पंखांनी ऊन झाकलं, डोक्यावर नुसता कलकलाट झाला. शैलेशची मुलगी रुचिता उभी राहून टाळ्या पिटू लागली.

"भारी, काका, भारी!" ती ओरडली.

कमलाकांत हसला. त्याने आणखी एकदा डबा वाजवला.

मासळीच्या वासाने होडीमागे आलेले कावळे तेवढ्यात वाळूवर उतरले.

"काका, ते काय खातायत?" रुचिताने विचारलं.

"मासली," कमलाकांत म्हणाला.

पुष्पलताने त्याच्याकडे पाहिलं.

त्याने पाण्यात उडी टाकली. हात हलवत, ओरडत तो वाळूकडे धावला. कावळे जरासे बाजूला सरकले. पण खाली येऊ लागलेले सुरय बिचकून पुन्हा वर गेले. तो थांबला, तसे ते खाली येऊ लागले. कावळ्यांना हाकलायला त्याने हात उचलला, की पुन्हा उठले.

मग तो हललाच नाही. गुडघाभर पाण्यात उभा राहिला. समोर कावळे अंडी फोडत होते आणि त्याला ओरडताही येत नव्हतं.

"बाबा, मासे नाहीत ते," मागून रुचिताचा आवाज आला. "अंडी आहेत."

कमलाकांतचे कान तापले. वळून बघायचं त्याला धाडस झालं नाही.

पोट भरल्यावर कावळे गेले. सुरय एकेक करून उतरू लागले. त्याच्या अगदी समोर एक पक्षीण आपल्या खळग्यापाशी आली. खळग्यातली वाळू ओली झाली होती, कडेला कवचाचा तुकडा पडला होता. ती जराशी थबकली. मग पोटाखालची पिसं फुलवून, अंग दोन्हीकडे हलवत, ती त्या रिकाम्या खळग्यावर नीट बसली.