वर केलेला हात

शेवटचा चेंडू प्रतिस्पर्धी इनामदारबाईंच्या बाजूला टेबलाच्या काठाला घासून गेला आणि कुंदाताईंनी बॅटच भिरकावली. साठीनंतर टेबल टेनिसचं राज्य अजिंक्यपद! त्या किंचाळल्या, रडल्या, नवऱ्याच्या गळ्यात पडल्या. गॅलरीत त्यांच्या विद्यार्थिनी एकेक हात वर करून उभ्या होत्या. ते पाहून ताई नाचूच लागल्या.

“अगं, पोरी टाळ्या का वाजवत नाहीत?” नवऱ्याने विचारलं.

ताईंनी नीट पाहिलं. पोरींच्या नजरा इनामदारबाईंवर खिळल्या होत्या. चेंडू काठाला लागून गुण मिळाला, की हात वर करून माफी मागायची, हे ताईंनीच दटावून शिकवलं होतं.

इनामदारबाई हस्तांदोलनासाठी अजून टेबलापाशीच थांबल्या होत्या. ताईंनी मान खाली घालून हात वर केला.

“पोहोचली हो माफी,” गॅलरीकडे बघत बाई म्हणाल्या, “मघाशीच.”