बिनहेल्मेटचे चारशे

“युद्धात मरणाऱ्या प्रत्येकाला चेहरा असतो, आणि तो झाकणं हा युद्धाइतकाच मोठा गुन्हा आहे,” निनाद चांदोरकर फोनवर म्हणाला आणि मांडीवरची शेंगांची टरफलं झटकायला उभा राहिला. हे तो हिंदीतून म्हणाला, त्यामुळे आणखीच भारदस्त वाटलं. पलीकडे आशिषजी होते, सरोजिनी नगरातल्या एका लहानशा कॉमिक प्रकाशनाचे संपादक.

आशिषजींचं म्हणणं एवढंच होतं, की वज्रलेखा बादशहाचं यान फोडते तेव्हा आतल्या सैनिकांच्या डोक्यावर हेल्मेट असावं. वज्रलेखा म्हणजे निनादच्या कॉमिकची नायिका. सहा ग्रहांच्या बंडाची सेनापती, मुठीने उल्का फोडणारी. अंतराळातल्या लढायांचा हा जुना रिवाज आहे. हेल्मेट घातलेला शत्रू मरत नाही, नुसता आडवा होतो. मुलांच्या आया तक्रार करत नाहीत आणि नायिकेला पुढच्या पानावर हसता येतं.

“चार सौ मरेंगे और चार सौ के चेहरे दिखेंगे,” निनाद म्हणाला. “वरना कहानी वापस.”

“सर, आप तो ख़ुद बग़ावत पर उतर आए,” आशिषजी अदबीने म्हणाले आणि त्यांनी मान्य केलं.

निनाद राज्यशास्त्राचा प्राध्यापक होता, त्यामुळे कुणी आपलं ऐकल्याचा अनुभव त्याला नवा होता. त्याने त्या भरात संहितेत लिहिलं: ‘यान दुभंगतं. चारशे मृत सैनिक अवकाशात तरंगतात. प्रत्येक चेहरा वेगळा.’ लिहायला चहाचा एक घोट पुरला.

चित्रं त्याची बायको काढायची. लतिका आतल्या खोलीत मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळून बसली होती. तिने ती ओळ दोनदा वाचली.

“चारशे? शंभरात युद्ध अनैतिक होत नाही का?”

“आकडा कमी करणं म्हणजे तडजोड, लतिका. तुझा हात दुखतो म्हणून इतिहास थांबत नाही.”

“मनातून एवढे चेहरे येत नाहीत रे. कुणाला तरी बघून काढावे लागतात.”

“मग बघ की आजूबाजूला. सब्जीवाला भैया आहे, गेटवरचा गार्ड आहे, वरच्या मजल्यावरचे हरिहरकाका आहेत. साधी माणसं. हुकूम पाळणारी.”

“त्यांना न विचारता मारू?”

“कलेत असं विचारत बसत नाहीत,” निनाद म्हणाला.

“अच्छा,” लतिका म्हणाली आणि पेन्सिलीला टोक काढायला लागली.

त्यानंतर ती घरात त्याच्याकडे टक लावून बघू लागली. जेवताना बघायची, पेपर वाचताना बघायची, दुपारी तो सोफ्यावर लवंडला की समोर येऊन बसायची. निनादला वाटलं, बंडखोर माणसाकडे बायका अशाच बघत असतील. दोन-तीनदा त्याने पोटसुद्धा आत घेतलं.

पानं पुरी झाली तेव्हा तिने ती टेबलावर मांडली. वज्रलेखा मधोमध उभी होती, पायात नवे तांबडे बूट, आणि तिच्या भोवती काळ्या पोकळीत माणसं तरंगत होती. निनादने चष्मा चढवला. डावीकडच्या कोपऱ्यातला मृत सैनिक ओळखीचा वाटला. त्याच्या शेजारचाही वाटला.

“हा मी आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि हा?”

“तोही.”

“सगळे मीच?”

“वेगळे आहेत की. हा वामकुक्षीतला. हा वरण अळणी लागल्यावरचा. आणि हा मोठा आहे ना, तोंड उघडं असलेला? तो ‘इतिहास थांबत नाही’ म्हणतानाचा.”

निनाद खाली बसला. आपलं तोंड मेल्यावर कसं दिसेल, याचा त्याने कधी विचार केला नव्हता. आता चारशे उत्तरं समोर होती. कुठे जबडा लटकला होता, कुठे डोळे अर्धे मिटले होते. विद्यार्थी बघतील. स्टाफरूममध्ये कांचन मॅडम हे पान भिंतीला लावतील. त्याने फोन उचलला.

“आशिषजी, वो हेल्मेट वाली बात... मैं सोच रहा था, आप ग़लत नहीं कह रहे थे.”

लतिकाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. आवाज चढवला नाही.

“आशिषजी, मैं लतिका. हेल्मेट नहीं लगेगा. एक पर भी नहीं. हात मेरा है.” तिने फोन बंद केला.

“लतिका, निदान मला विचारायचं तरी!”

“मेलेल्यांना कुणी विचारत नाही,” ती म्हणाली. “तूच म्हणालास ना, कलेत विचारत बसत नाहीत.” तिने पानं गुंडाळून पिशवीत घातली, चपला चढवल्या, आणि ती देऊन यायला स्वतः रिक्षाने सरोजिनी नगरला गेली.

अंक येईपर्यंत निनादने दाढी वाढवली. मग अंक आला. ते राहत त्या तेलीबागेत घरोघरी गेला, छावणीतल्या मराठी घरांच्या भिशीत फिरला, स्टाफरूममध्येही पोचला. कांचन मॅडमनी वज्रलेखाच्या तांबड्या बुटांचं मनापासून कौतुक केलं. हरिहरकाकांनी यान फारच सहज फुटतं, अशी हरकत घेतली. सब्जीवाल्या भैयाने एक प्रत पोरासाठी मागून नेली. अकरावीतली अमृता, म्हणजे निनाद-लतिकाची मुलगी, अंक घेऊन सोफ्यावर बापाच्या खांद्याला टेकून बसली. चारशे प्रेतांच्या पानावर ती थांबली, डोळे बारीक केले. निनादने दाढीवर हात ठेवला.

“मम्मी, बूट्स तो कमाल के हैं यार,” अमृता म्हणाली आणि तिने पान उलटलं.

निनादला कुणीही ओळखलं नाही.