सतरा नंबरचा रस्ता

"सोळानंतर एकदम अठरा! मधला सतरा नंबरचा जिल्हा रस्ता तुम्हीच गिळलात, साहेब," फलक रंगवणारी फोनवर रस्ते खात्याच्या साहेबांवर कडाडली.

"बाई, तो रस्ता कधी झालाच नाही."

"मग हे फलक कोण रंगवतंय?"

रोज ती जेवून येईपर्यंत कारखान्यात सतराचा एक ओला फलक उभा असे. साताच्या आकड्याची शेपटी लाडाने लांबवलेली, थेट बाबा रंगवायचे तशी. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. "शेपटी आवरा की, बाबा," ती हसून म्हणायची.

फलकावरचं अंतर मात्र घटत होतं. परवा दोन किलोमीटर, काल एक. आज शून्य, आणि बाण मागच्या दाराकडे.

त्या दारामागे नुसती भिंत होती. तरी तिथून बाबांच्या स्कूटरचा हॉर्न वाजला, दोनदा, नेहमीसारखा.

"रस्ता नाही म्हणता ना, साहेब? मग दार उघडू की नको, ते सांगा!"