वाघोबाच्या नावाचा कोंबडा

पुजारी लक्ष्मणरावाने शेरूपुढे मूठभर तांदूळ टाकले. शेरूने मान वाकडी करून दाण्यांकडे पाहिलं आणि खुशाल पंख झाडत बसला.

“देवाले मंजूर नाही. पुढच्या साली आणा,” पुजारी म्हणाला.

पार्वताबाईचा जीव भांड्यात पडला. नाकाडोंगरीच्या या ठाण्यावर कोंबड्याने दाणे टिपले तरच तो वाघोबाला कापायचा, नाही तर जिवंत घरी न्यायचा.

आता देवाची मर्जी कसली डोंबलाची! पिलू होता तेव्हापासून तिने शेरूला फक्त आपल्या तळहातावर चारलं होतं. अंगणातले किडे तो टिपायचा, पण दुसऱ्या कोणी टाकलेल्या दाण्याला चोच लावायचा नाही. दुपारी तिच्या मांडीवर झोपायचा. नवरा गेल्यापासून तिचं बोलणं ऐकून घेणारं घरात तेवढंच एक होतं.

नवस नातीचा, तृप्तीचा; तिच्यासाठी शेरूच वाघोबाला बोललेला.

“नवस फिटत नाही म्हणून पोरगी घडी घडी बिमार पडून राहिली, आई,” मुलगा श्यामराव चिडून म्हणायचा. सून रीना मात्र शेरूने ओसरीत घाण केली की नाक मुरडून सारवायची, बस.

दिवाळीनंतर पार्वताबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, कोंबड्याला जवळ घ्यायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं. इकडे शेरू हाडकुळा होत चालला. पार्वताबाईला रडू आवरेना.

“रडू नका, आई. डोळा खराब होईल. मी चारीन त्याले,” रीना म्हणाली.

“तुह्या हातचं नाही खाणार तो, बाई.”

“खाईल. रोज बसीन ना त्याच्याजवळ.”

आणि बसली हो! तृप्तीला कडेवर घेऊन, हातावर तांदूळ धरून, तासन्‌तास. एका सकाळी शेरूने तिच्या तळहातावरचे दाणे टिपले तेव्हा रीना खुदकन हसली. पार्वताबाईने सुनेच्या गालावरून हात फिरवला. अशी गुणाची पोर, आणि आपण तिला परकी समजत आलो, याची तिला लाज वाटली. त्या भरात तिने सगळं सांगून टाकलं.

“देव-बिव काही नाही, पोरी. परक्याच्या हातचं खात नाही, म्हणून वाचला तो. श्यामले सांगू नको.”

“मी काहून सांगीन?” रीना म्हणाली.

साल फिरून आलं. पुन्हा तेच ठाणं, तोच पुजारी. त्याने दाणे टाकले. शेरू ढिम्म. या खेपेला श्यामराव ऐकेना; त्याने स्वतः टाकले. शेरू ढिम्म. पार्वताबाईने पदराआड हसू दाबलं.

“घरचं आणखी कोणी?” पुजाऱ्याने विचारलं.

तृप्ती तापाने फणफणली होती. रीनाने तिला सासूच्या मांडीवर ठेवलं, तांदूळ तळहातावर घेतले आणि शेरूपुढे उकिडवी बसली.

“ये रे राजा.”

शेरू धावत आला आणि टकाटका टिपायला लागला.