तळ्याकाठची खोपटी

"आज पण खोपटीतच?" चिमीने विचारलं.

"आज पण," मोठ्या बाई म्हणाल्या. "खिडकी पूर्ण उघडी ठेव. तोच तपकिरी कोट घाल. आणि पलीकडे कुणी दिसलं तर हाका मारायच्या नाहीत."

चिमीच्या डोक्यात तिडीक गेली. मुलांना शिकवायचं म्हणून ती अभयारण्याच्या शिक्षण विभागात इंटर्न झाली होती, विम्याच्या ऑफिसातली चांगली नोकरी सोडून. आणि करत काय होती? पक्षी बघायच्या लाकडी खोपटीत बसून माशा मारत होती. बरं, पक्षी तरी दिसावेत! एक म्हातारा बगळा, तोही तिच्याकडे पाठ करून उभा.

रोज सकाळी शाळेची बस यायची. मुलं दंगा करत उतरायची आणि बाई त्यांना घेऊन थेट पलीकडच्या काठाला जायच्या. मग तिकडच्या झाडीत दिवसभर काचेसारखं काहीतरी चमकत राहायचं. पाण्याच्या बाटल्या असतील मेल्या, असं म्हणून चिमी तोंड फिरवायची.

दुपारी दादाचा फोन आला. रोज यायचाच.

"काय मास्तरीणबाई, घेतला का वर्ग?"

"घेईन."

"शनिवारपर्यंत एक तरी वर्ग घेईन, नाहीतर गपचूप ऑफिसात परत जाईन, असं तूच म्हणाली होतीस. उद्या शनिवार आहे."

"माहितेय मला! सारखं काय तेच तेच?" ती एवढ्यांदा ओरडली की बगळा उडून गेला. फोन आपटून तिने बिस्किटाचा पुडा फोडला. खाता खाताच रडू फुटलं. कोटाच्या बाहीला खुशाल नाक पुसलं. इथे बघायला होतं कोण!

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "मान अवघडली का गं? बसल्या बसल्या डुलकी लागली की असंच होतं."

डुलकी! ह्यांना कुणी सांगितलं? त्या रखवालदाराने, दुसरं कोण! शिकवायला देणार नाहीत, वर चुगल्या ऐकणार. हद्द झाली. चिमी घरी पोचेपर्यंत फणफणत होती.

शनिवारी ती कोट हातावर टाकून बाईंच्या खोलीत घुसली.

"हा घ्या तुमचा कोट. मी चालले. एक वर्ग मागितला होता, बाई, एकच! तोसुद्धा तुमच्याच्याने देववला नाही."

बाईंनी कोट घेतला नाही. "जायचं तर जा. पण मुलांना भेटून जा. नजर कशी ठेवायची ते शिकायला आठवडाभर हीच मुलं येतायत, आज त्यांचा शेवटचा दिवस. आणि तो कोट घाल, बाहेर गारठा आहे."

जाता जाता कशाला वाईटपणा, म्हणून चिमीने कोट चढवला आणि बाहेर आली.

अंगणात मुलं गोल करून बसली होती. प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण. चिमी दिसली आणि सगळा कलकलाट एकदम थांबला.

"तीच आहे!" पुढची मुलगी कुजबुजली. "बिस्किटं खाते आणि बाहीला नाक पुसते, ती."

"दुपारी ओरडते पण," शेजारचा मुलगा म्हणाला. "बगळ्याला हाकलायला."

चिमी एक पाऊल मागे सरली.

"श्शू! कुणी हलू नका रे," मुलगी कळवळून म्हणाली. "घाबरून गेली, तर परत यायची नाही!"