दोरखंड

"गाडी जुनी झालीय बाबा, एवढ्या लांबचा पल्ला नाही झेपत तिला," असं सांगून तो दरवेळी घरी जायचं टाळायचा. गाडी तेव्हा ठणठणीत होती. या वेळी आई हटूनच बसली म्हणून निघाला, तर गाडी खरोखरच घाटात आचके देऊन बंद पडली. त्याने ओशाळून फोन केला.

उन्हं कलायच्या आत शेजाऱ्यांचा टेम्पो आला. बाबा उतरले, खांद्यावर जाड दोरखंड.

"कधीचा आणून ठेवलाय. म्हटलं, वाटेत अडकलास तर ओढून आणता येईल."

त्याला मान वर करवेना.

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "एवढं मनाला लावून घेऊ नकोस रे. चूक आमचीच. गाडीची अवस्था माहीत असून तुला बोलावत राहतो."